भिंत ओली असतानाच रंगवा

नवरात्रात घटातलं धान्य तरारून येतं, त्याच आठवड्यात गच्चीच्या कठड्यातला पिंपळही हातभर झालेला दिसतो. घराची डागडुजी काढायची वेळ झाली, याची ही खूण. आता सगळ्यात आधी काय करायचं? काहीही नाही. दसरा होऊ द्या.

दसरा ते लक्ष्मीपूजन जेमतेम वीस दिवस. शेड कार्डावरचा वाद आणि मजुरीची घासाघीस यांत त्यातले बारा आरामात जातात. उरलेल्या आठांत पेंटर एकाच वेळी चार घरं रंगवत असतो, त्यामुळे तुमच्या वाट्याला त्याची शिडी येते. हॉलमध्ये शिडी उभी राहिली की काम सुरू झालं असं समजावं. तिच्यावर टॉवेल चांगले वाळतात.

पिंपळाला हात लावू नका. अगदीच डोळ्यांवर येत असेल तर वरून कात्रीने छाटा. मुळं आत सुखरूप राहतात आणि पुढच्या नवरात्राला दुप्पट जोमाने दर्शन देतात.

गच्चीचं तर नावही काढू नका. मे महिन्यात ती गळत नसते, म्हणून दुरुस्ती नको. जुलैत गळते, पण भर पावसात वॉटरप्रूफिंग होत नाही. दिवाळीच्या तोंडावर पाऊसच संपलेला असतो. वर्षभरात मुहूर्तच नाही असं हे एकमेव कार्य. घर वडिलोपार्जित असेल तर आणखी सोपं: गच्ची तिन्ही भावांची, गळती फक्त वरच्या मजल्याची. खालचे काका म्हणतात, ‘आमच्याकडे तर काही नाही बुवा.’ पुण्याचे काका फोनवरून तीन कोटेशनं मागवायला सांगतात. आमच्याकडे तीन आली. एकाला जुना कोबा फोडून उतार नव्याने काढायचा होता, दुसरा वरून केमिकलचे दोन हात मारणार होता, तिसऱ्याने पाणी जायच्या जाळीतला पालापाचोळा काढून दाखवला आणि आधी एवढं करा म्हणाला. त्याला काम कळत नाही, यावर घरात एकमत झालं. शेवटी ताडपत्री आणली.

मुंबईतून मान्सून माघारी फिरण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. म्हणजे ९ तारखेला भिंत कोरडी, असा हिशेब आमचे बाबा करतात. परतीच्या पावसाला हा हिशेब कोणी कळवत नाही. हत्ती, म्हणजे हस्ताचा पाऊस, पडला की भिंती पडतात, असं जुनी माणसं म्हणायची. पण हस्त नक्षत्राची आठवण पेंटर दारात उभा असताना कोण काढणार?

एखादा शहाणा सांगेल, भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा, आतून दवासारखे थेंब जमले तर भिंत अजून ओली आहे. हा प्रयोग अजिबात करू नका. थेंब दिसले तर काय करणार? विटांनी चार महिने प्यायलेलं पाणी ऑक्टोबरच्या उन्हाने बाहेर यायला लागतं. येताना क्षार घेऊन येतं आणि ते पृष्ठभागावर साठून रंगाला आतून ढकलतात. त्यालाच लोणा म्हणतात. यावर उपाय पाणी मुरतं तिथे असतो, पण तिथे पाहुणे बसत नाहीत. म्हणून पोपडे खरवडा, पुट्टी भरा, प्रायमर मारा, वर रंगाचे दोन हात. ‘काकू, पाच वर्षं बघायला नको,’ असं पेंटर म्हणतो. मागच्या वर्षीही म्हणाला होता.

झाकायला फोटोही चालतो. आमच्या हॉलमधली ओल खिडकीपासल्या कोपऱ्यातून निघाली, ती आजोबांच्या तसबिरीकडे सरकत गेली. दर दिवाळीला आम्ही आजोबांना चार बोटं उजवीकडे घेतो. खिळ्यांची भोकं ओळीने मोजली तर घर किती वर्षं गळतंय ते कळतं. गेल्या वर्षी आजोबा दाराच्या चौकटीला टेकले होते.

रंगाची निवड घरातल्या सगळ्यांनी मिळून करावी. आई म्हणाली मोतिया, बहीण म्हणाली राखाडी, बाबा म्हणाले जो आहे तोच. पेंटरने त्याच्याकडे मागच्या घरचा उरलेला पिस्ता लावला.

लक्ष्मीपूजनाला भिंत देखणी दिसली. पाडव्याला पंख्याखाली एक फुगा आला, अगदी गव्हाच्या पुरीसारखा टम्म. भाऊबिजेला आत्या आली आणि नेमकी त्याच भिंतीला टेकून बसली. ओवाळून झाल्यावर तिने मागे वळून हात फिरवला.

“ही एक भिंत मुद्दाम अशी खडबडीत केलीत का रे? टेक्श्चर म्हणतात ते?”

“हो, आत्या.”

“किती घेतले त्याचे?”

मी आकडा थोडा वाढवून सांगितला. आत्याने बोटांना लागलेली पांढरी भुकटी निरखली, पदराला पुसली आणि विचारलं, “आणि अण्णांचा फोटो कुठे गेला?”