छपराला हात लावू नका

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात तुमचं स्वतःचं घर असेल आणि छप्पर खिळखिळं झालं असेल, तर पहिला सल्ला: दुरुस्ती अजिबात करू नका. राज्य सरकार ‘लुइझियाना फोर्टिफाय होम्स’ योजनेतून वादळात टिकणाऱ्या छपरासाठी १०,००० डॉलरपर्यंत अनुदान देतं, पण मंजुरीआधी काम काढलंत की हक्क गेला. शेजाऱ्याने आधीच पदरमोड करून छप्पर पक्कं करून घेतलं, त्याला एक सेंटही नाही. बरोबरच आहे. मजबूत घराला मदत हवीय कशाला?

मग नाव नोंदवा आणि सोडतीची वाट बघा. हो, सोडतच. नंबर नाही लागला तरी चिडू नका. कोणाचं छप्पर उचलायचं हे वादळही साधारण असंच ठरवतं.

लागलाच नंबर, तर खिळ्यांचा अभ्यास सुरू करा. गुळगुळीत खिळा चालत नाही. अंगावर कंगोरे असलेला लागतो, तो वाऱ्याने सहज उपसला जात नाही. छपराच्या तक्त्यांमधल्या फटीही पट्टी चिकटवून बुजवायच्या, म्हणजे वरचं आवरण उडालं तरी पाणी घरात उतरत नाही. (हे खरोखर कामाचं आहे. इथे टोमणा मारायला जागा मिळाली नाही, क्षमस्व.) तपासनिसाची फी तुमची, परवान्यांचा खर्च तुमचा, दहा हजारांवर जे काही होईल तेही तुमचंच. तेवढे पैसे नसतील, तर अनुदानाची खरी गरज तुम्हालाच आहे, आणि नेमकं म्हणूनच ते तुम्हाला परवडणार नाही.

राहता राहिलं पाणी. अनुदान वाऱ्यासाठी असलं, तरी घर धोक्याच्या पूरक्षेत्रात असेल तर पुराचा वेगळा विमा दाखवावा लागतो, कारण घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत. केंद्राचा पूरविमा सहसा घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो. तेव्हा वादळाला महिनाभर आधी कळवायला सांगा.

आणि एक वही जवळ ठेवा. २००५च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर कित्येक घरांचा नुसता चौथरा उरला होता आणि विमा कंपन्यांशी कोर्टात वाद चालला होता, घर वाऱ्याने नेलं की पाण्याने. भिंत पडली ती वेळ लिहा, पाणी चढलं ती वेळ लिहा. जमल्यास साक्षीदाराची सहीही घ्या.