केळीचा डाग

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक क्लिप आली. चोपडा तालुक्यातली शाळा, सातवी-आठवीची मुलं, दप्तरमुक्त दिवस. मुलं केळीच्या बागेत आहेत. एक मुलगी घड उचलून काट्यावर ठेवतेय, दोन मुलं टाकीतल्या तुरटीच्या पाण्यात फण्या धुताहेत. खाली कुणा पालकाने लिहिलंय, "फी याच्यासाठी भरतो का आम्ही?" झालं. रात्रीपर्यंत दोनशे मेसेज. पोरांना मजुरीला जुंपलं म्हणे. आमच्यातल्या वकिलाने १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी असल्याचा कायदा टाकला. एकाने लिहिलं की तेवढ्या वेळात शिष्यवृत्तीचे दोन पेपर सोडवून झाले असते. दुसऱ्या दिवशी कळलं, मुख्याध्यापकांनी पालकांची लेखी माफी मागितली.

मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराशिवाय सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकावं, असं २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच लिहिलेलं आहे. त्या सरांनी ते वाचलं आणि केलं, एवढाच त्यांचा गुन्हा. शिवाय त्या बागेत गणित नव्हतं का? ५ बाय ५ फुटांवर लागवड असेल तर एकरात किती खोडं बसतील? १,७४२. हे मूल बागेत उभं राहून मोजतं तेव्हा चौरस फूट म्हणजे काय ते त्याला जन्मभर विसरता येत नाही. मृगबाग आणि कांदेबाग या लागवडीच्या हंगामांत फरक काय, करपा रोग पानावर कसा दिसतो, घडाचं वजन कशाने घटतं, हे सगळं विज्ञानच आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा याच ग्रुपवर सगळ्यांची छाती फुगली होती. केळीचा अभिमान चालतो, चीक मात्र हाताला लागायला नको.

माझी मुलगी इथे जपानात, कोबेत चूगाक्कोच्या (माध्यमिक शाळेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे आपली आठवी. नोव्हेंबरात तिचा तोराइयारू वीक झाला. पाच दिवस शाळा नाही, नागाता भागातल्या शोतेंगाईत, म्हणजे बाजारगल्लीत, तोफूवाल्याकडे काम. फोन तिलाच करायला लावला होता. आदल्या रात्री ती आरशासमोर वाक्यं म्हणत बसली होती. पहिले दोन दिवस तिने फक्त क्रेट धुतले आणि फडकी पिळली. पाण्याने बोटं लाल व्हायची. तिसऱ्या दिवशी मालकाने सुरी हातात दिली आणि गार पाण्यात तळहातावर तोफू कापायला शिकवलं. जोर लावला की तुटतो, नाही लावला की कापत नाही. शनिवारी तिने घरी करून दाखवलं. नंतर आभाराचं पत्र, तेही शिक्षिकेने तीनदा परत पाठवलं, कारण त्यात स्वतः काय पाहिलं ते आलं नव्हतं. पैसे कोणी मागितले नाहीत, मजुरी कोणी म्हटलं नाही.

१९९५च्या भूकंपात याच नागाताच्या गल्ल्या जळाल्या. एकूण ६,४३४ माणसं गेली. त्यानंतर तीनच वर्षांत, १९९८ला, ह्योगो प्रांताने आपल्या आठवीच्या मुलांसाठी हा आठवडा सुरू केला. मुलांना शेजारपाजारची माणसं काम करताना दिसली पाहिजेत, असं त्यांना वाटलं. आणि आपण? साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिकवत होते, छात्रालयातल्या मुलांच्या खोल्या स्वतःच्या हाताने झाडत होते. दर २४ डिसेंबरला ग्रुपवर त्यांच्या फोटोला नमस्काराचे हात जोडले जातात. तेच हात केळीच्या घडाला लागले की माफीनामा. पांझरा नदीच्या काठावर शेकडो वर्षं चालत आलेली सिंचनाची फड पद्धत आहे, पाणी कुणाला किती हे गावच ठरवतं, पाटकरी ते पोचवतो. एखाद्या सातवीच्या वर्गाने एक दिवस पाटकऱ्यामागून चालून बघितलं तर नागरिकशास्त्राचा अख्खा धडा होईल. पण त्याचीही क्लिप येईल.

(इथेही संध्याकाळी मुलं जुकूला, म्हणजे क्लासला जातात. माझीही जाते. तो वेगळा विषय आहे.)

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. लांबलचक. इथे डॉक्टरचं मूलसुद्धा रोज झोकिन (फडकं) घेऊन वर्गाची फरशी पुसतं, हेही लिहिलं. बऱ्याच जणांनी अंगठे दिले. मग एका ताईंचा मेसेज आला. आमच्या दोन वर्षं पुढे होत्या, आता शिरपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. अहिराणीत, एवढाच:

"भाऊ, तुन्ही पोरले पाच दिन. आमना पोरेस्ले बाकीना दिन."

खाली मराठीत लिहिलं होतं की दिवाळीनंतर त्यांच्या वर्गातले नऊ बाक रिकामे होतात, मुलं आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जातात. "आणि आपल्या शाळेत झाडू कोणाच्या हातात असायचा, आठवतं का?"

आठवतं. भिलाटीतल्या, म्हणजे भिल्ल वस्तीतल्या तीन मुलांच्या. रोज. मास्तर नाव घेऊन उठवायचे आणि आम्ही बाकीचे पाय वर घेऊन बसायचो. मी जपानच्या फरशीबद्दल एवढं लिहिलं, त्यात हे कुठेच आलं नाही.

त्या पालकांवर मी चिडलो, पण त्यांना कशाची भीती वाटते ते मला चांगलं ठाऊक आहे. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा पडतो आणि कशानेही निघत नाही. सातवीत दिवाळीच्या सुट्टीत मी आबांबरोबर, माझ्या वडिलांबरोबर, घड वाहायला गेलो, अंगात शाळेचाच शर्ट होता, दुसरा नव्हता. शाळा उघडल्यावर एका मुलाने खांद्यावरचा डाग दाखवून विचारलं. मी म्हणालो, शाई सांडली. त्या दिवसापासून मी ज्या ईर्ष्येने अभ्यास केला ती ज्ञानाची ओढ नव्हती. तो शर्ट मला पुन्हा घालायचा नव्हता. कोबेपर्यंत येऊन पोचलो तो त्यातूनच. क्लिपखाली लिहिणाऱ्या त्या पालकाचा बापही कुणाच्या तरी बागेत असाच राबला असेल.

तरी मी माझा मुद्दा सोडत नाही. सरांनी माफी मागायला नको होती. फक्त त्या बागेत घड सगळ्यांनी उचलावा, नेहमी उचलणाऱ्यांनी त्या दिवशी वही घेऊन वजन लिहावं.

तोराइयारूच्या वहीत एक रकाना होता: घरातल्या मोठ्यांनी कोणती कामं केली? मुलीने विचारलं, आजोबा काय करायचे? मी म्हणालो, शेतकरी होते. तिने सुबक अक्षरात "नोका" (शेतकरी कुटुंब) लिहिलं, बाजूला केळीचं झाड काढलं, फणी उलटी काढली. पालकांच्या भेटीच्या दिवशी ते पान वर्गाच्या भिंतीवर होतं आणि शिक्षिका मला म्हणाल्या, छान आहे, तुमच्या घरची शेती. मी मान लवून आभार मानले.

आबांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. ते सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे शेतगडी, आखाजी (अक्षय्य तृतीया) ते आखाजी, एकाच मालकाकडे एकोणीस वर्षं. हे मी ग्रुपवरही कधी लिहिलेलं नाही. ताईंना उत्तर म्हणून काल रात्री लिहिलं. मुलीला सांगायचं राहिलंय. तिची परीक्षा शुक्रवारी संपते.