एकट्या वेबला सगळं आकाश दिसत नाही

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: जेम्स वेब ही अंतराळातली दुर्बीण आली, तिला सगळं दिसतं, आता जमिनीवरच्या दुर्बिणी मोडीत काढा. शिवाय तिच्या फोटोंतले रंग संगणकावर भरलेले, म्हणजे फोटोही खोटे. पाठवणारी माणसं जवळची आहेत, म्हणूनच गप्प बसवत नाही.

‘सगळं दिसतं.’ नाही दिसत. वेब मुख्यतः अवरक्त, म्हणजे तांबड्यापलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश टिपते. वृषभेच्या शिंगाजवळचा खेकडा तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा ढग, घ्या. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी तिथे फुटलेला तारा पाहिला, तो भर दिवसाही दिसे. आज साध्या प्रकाशात तिथे वायूचे धागे दिसतात, वेबला त्यातली धूळ दिसते. मधोमध मात्र सेकंदाला तीसएक गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा, आहे. त्याच्याभोवतीची तप्त कडी आणि झोत दाखवले ते चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने. क्ष-किरण वातावरणातून खाली पोचतच नाहीत, म्हणून १९९९ मध्ये चंद्राला आणि २०१५ मध्ये आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या दुर्बीण-उपग्रहाला वर पाठवावं लागलं.

‘जमिनीवरच्या मोडीत काढा.’ रेडिओ लहरी खाली येतात, ढगांतूनसुद्धा. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश मिळून एकाच दुर्बिणीचं काम करतात. दीर्घिकांमधला थंड हायड्रोजन २१ सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरींवर सापडतो. वेबकडे त्या टिपायची सोयच नाही.

‘रंग खोटे.’ हे मला फार लागलं. जानेवारीत गच्चीवर नातीला मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ दाखवला. डोळा लावून ती म्हणाली, “आजोबा, हा तर राखाडी आहे. फोटोत गुलाबी होता!” अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही. कॅमेरा मिनिटं न् मिनिटं प्रकाश साठवतो, त्याला हायड्रोजनची खरी लाली मिळते. वेबचा बहुतेक प्रकाश तर डोळ्याच्या आवाक्याबाहेरचाच. म्हणून सर्वांत लांब लहरींना तांबडा, आखूड लहरींना निळा असा क्रमाने रंग देतात. काळी चारमधली चीज पट्टी बदलून पांढरी एकमध्ये गायली तरी यमन यमनच राहतो, तसं हे. मृगातल्या त्याच मेघाच्या वेबने घेतलेल्या फोटोत धुळीआड दडलेले कोवळे तारे दिसतात. पुढच्या निरभ्र रात्री ज्यांनी मेसेज पाठवला त्यांनी गच्चीवर यावं, दुर्बीण लावलेली असेल.