म्हशीनं दावं तोडलं आणि भूकंप झाला

परवा भावकीच्या ग्रुपवर एक फोटो आला. आभाळात नांगराच्या तासांसारखे सरळ पट्टे, खाली लिहिलेलं, ‘भूकंपाचे ढग, सावध राहा.’ अख्ख्या निपाणीत फिरून आमच्याकडं आला असणार. काकांनी लगेच हात जोडले. एका पुतण्यानं अंगणात झोपायचं ठरवलं, डास चावल्यावर आत आला.

आमच्या घरात हा विषय जुना आहे. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तिकडं सुमारे १८० माणसं गेली. इकडं आमच्या घरातली उतरंड हलली. आज्जी कायम सांगायची, ‘आदल्या दिवशी म्हस दावं तोडून परड्यात पळाली. मुक्या जनावराला कळतंय बाबा.’ हे ऐकतच मी मोठा झालो. आज्जी गेल्यावर एकदा आत्तीला विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, ‘अरे, ती म्हस आठवड्यातनं एकदा दावं तोडायचीच की. खोडीलच होती.’

बाकीच्या आठवड्यांतलं तोडलेलं दावं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, एवढंच.

म्हणून जनावरांना काहीच कळत नाही असं मी म्हणत नाही. भूकंपाची पहिली लाट हलकी पण वेगवान असते, सेकंदाला सहाएक किलोमीटर. जोरात हलवणारी लाट मागून येते, सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास. कोयनेपासून आमच्या गावापर्यंत म्हणजे पंधराएक सेकंदांचा फरक. तेवढ्यात कुत्रं उठून बसलं तर नवल नाही. पण आदल्या दिवशीचं काय? इटलीत ६ एप्रिल २००९ च्या ला’अक्विला भूकंपाच्या पाच दिवस आधी एका तळ्यावरचे जवळजवळ सगळे नर भेक, म्हणजे बेडकाच्या जातीचे प्राणी, निघून गेले होते. ते बघणारी बाई भेकांचाच अभ्यास करत होती, रोज मोजत होती, म्हणून त्या गोष्टीला वजन आहे. आमच्या म्हशीची वही कुणी ठेवली होती?

मी ठेवून बघितली. कुत्री रडली की कॅलेंडरवर फुली. दोन महिन्यांत फुल्या एवढ्या झाल्या की बायको म्हणाली, ‘दुधाचा हिशोब आता तुमच्या कपाळावर लिहू काय?’ जमीन काही हलली नाही.

चीनचं उदाहरण सगळे देतात. हायचंगला फेब्रुवारी १९७५ च्या भूकंपाआधी कडाक्याच्या थंडीत साप बिळाबाहेर आले, लोकांना घराबाहेर काढलं, पुष्कळ जीव वाचले. खरं आहे. पण त्याआधी तिथं लहान धक्क्यांची रांग लागली होती, लोक मुख्यतः त्यानं हलले. पुढच्याच वर्षी, २८ जुलै १९७६ ला, चीनमध्येच तांगशानला मोठा भूकंप झाला, तिथं असा इशारा मिळाला नाही. सरकारी आकड्यानुसार २ लाख ४२ हजार मेली. साप हा भाग फॉरवर्डमध्ये येतो, तांगशान येत नाही.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत-बाहेर. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन. त्या रात्री कुत्री ओरडली असं कुणी सांगितलं, तर ढोल-ताशा आणि फटाक्यांत कुठली कुत्री गप्प बसतात? खरी खूण वर्षभर आधी येऊन गेली होती. १९९२ च्या पावसाळ्याअखेरीस तिथं लहान-मोठे शंभरावर धक्के बसले होते, लोकांनी ते पायाखाली अनुभवले होते. तेव्हाही पुढं मोठा भूकंप होईल असं कुणी छातीठोक सांगू शकलं नसतं, कारण बऱ्याच ठिकाणी असे धक्के येतात आणि विरून जातात. पण घरं बघता आली असती. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. दहा हजारांच्या आसपास माणसं त्या भिंती-माळवदांखाली गेली.

भूकंपाआधी काही बदलतं का हे बघायला विहिरीचं पाणी, जमिनीतून येणारा रेडॉन वायू, यांच्या नोंदी शास्त्रज्ञ कोयनेच्या परिसरात वर्षानुवर्षं घेत आलेत. त्यांनी घ्याव्यातच. आमच्या ग्रुपनं मात्र ढग सोडून जरा खाली बघावं. आमच्याच मागच्या पडवीच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीला हातभर पोट सुटलंय, वर तंबाखूच्या वखारीतनं आणलेली जुनी तुळई आहे. त्या भिंतीचा फोटो मी ग्रुपवर टाकला. एकच उत्तर आलं, काकांचं. जोडलेले हात.

गवंडी म्हणालाय, दिवाळीनंतर बघू.