फुकटचा गेम परवडवायचा कसा?

सर्वात आधी डोक्यातलं एक खूळ काढून टाका. सगळे एकाच विमानातून उतरतात, सगळ्यांचे हात रिकामे असतात, तेव्हा ऑनलाइन शूटरमध्ये, म्हणजे गोळीबाराच्या गेममध्ये, पैसा आणि वशिला चालत नाही, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही अजून लॉबीतच, म्हणजे गेमच्या प्रतीक्षागृहातच, उभे आहात. उडी मारेपर्यंत समता असते हे खरं. तेवढी पुरवून वापरा.

न्याय हवा असेल तर तो मोबाइलच्या दुकानातून आणावा लागतो. बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाइलचा भारतीय अवतार, डाउनलोड करायला दमडी लागत नाही आणि कंपनी गोळीतली ताकद विकत नाही, हे कबूल. पण तुम्ही दादाचा जुना फोन घेऊन पोचिंकी या गेममधल्या गावात उतरता, आणि समोरच्याच्या हातात टॅब्लेट असतो. त्याचा स्क्रीन चौकोनाकडे झुकलेला, त्यामुळे त्याला वरचं-खालचं जास्त दिसतं. पोरं याला 'आयपॅड व्ह्यू' म्हणतात. तुमच्या स्क्रीनमध्ये जी खिडकी मावतच नाही, त्या खिडकीतून तो तुम्हाला टिपतो. त्याचा गेम 90 एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला 90 चित्रांवर, लोण्यासारखा चालतो; तुमचा फोन तिसऱ्या झोनला, म्हणजे मैदान तिसऱ्यांदा आकसतं तेव्हा, तापून अडखळायला लागतो. तेवढ्यात हॉलमध्ये आई मोबाइलवर मालिकेचा चुकलेला भाग लावते आणि तुमचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन यायला लागणारा वेळ, 40 वरून 240 वर जातो. तुम्ही भिंतीआड पोचलेले असता, पण सर्व्हरच्या वहीत अजून उघड्यावरच असता. मरण वहीप्रमाणे येतं. यावर अन्याय-अन्याय म्हणून बोंब मारू नका. 'स्किल इश्यू', म्हणजे आपलाच हात कच्चा, म्हणा आणि पुढची मॅच लावा.

आता हिशेब. यात मन रमवा, कारण खरी गेम इथेच आहे. जुलै 2021 मध्ये बीजीएमआय आला तेव्हा महिन्याचा रॉयल पास, म्हणजे खेळून बक्षिसं उघडायचा परवाना, 360 युसीला होता. युसी म्हणजे गेममधलं विकतचं चलन. आणि युसीची पाकिटं? एक 60 चं, त्याच्यावरचं 300 चं, सोबत 25 युसी भेट. म्हणजे 325. पासला 35 कमी पडतात. सुटे 35 मिळत नाहीत, म्हणून 60 चं पाकीट घ्यायचं. झाले 385. पास घेतला, उरले 25. त्या 25 मध्ये धड काही येत नाही, आणि सोडवतही नाहीत. मग ते वाया जाऊ नयेत म्हणून पुढचं पाकीट. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून दोन रुपयांसाठी भाजीवाल्या मावशींशी पाच मिनिटं हुज्जत घालणारा माणूस इथे एक शब्द काढत नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. मावशींनीही कोथिंबीर युसीत विकायला हवी.

पासने समाधान होत नसेल तर क्रेट, म्हणजे नशिबाची पेटी, उघडा. क्लासिक क्रेटमधून ग्लेशियर एम416 ही बंदूक निघते, बर्फाच्या रंगाची. ती हातात असली की रिकॉइल, म्हणजे बंदुकीचा झटका, कमी होतो, असं तुमच्या स्क्वॉडमधला एक तरी जण शपथेवर सांगेल. त्याला विरोध करू नका. त्याने तिच्यावर जे खर्च केलंय ते पाहता त्याला श्रद्धेची गरज आहे.

श्रद्धा नको, आकडे हवेत म्हणणाऱ्यांनी काउंटर-स्ट्राइक या कॉम्प्युटरवरच्या शूटरकडे जावं. तिथली पेटी उघडायला किल्ली लागते, किंमत 2.49 डॉलर. चीन सरकारने 2017 मध्ये अशा पेट्यांमधली शक्यता जाहीर करायला लावली, तेव्हा नक्षीदार सुरी मिळण्याची शक्यता निघाली 0.26 टक्के. म्हणजे साधारण 385 पेट्यांमागे एक सुरी. (385 हा आकडा वर येऊन गेलाय. योगायोग आहे, पण माणसाने शकुन मानावा.) नुसत्या किल्ल्यांचेच साडेनऊशेच्या वर डॉलर होतात, आणि एवढं करूनही ही सुरी साध्या सुरीपेक्षा जास्त कापत नाही. बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 मध्ये या पेट्यांना सरळ जुगार ठरवलं. बेल्जियमचे लोक अरसिक, दुसरं काय.

फुकट नकोच, एकदाच रोख मोजून मोकळं होऊ, असा बाणेदार विचारही करून पाहा. नोव्हेंबर 2017 मध्ये लोकांनी 60 डॉलर मोजून 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2' हा गेम घेतला. सिनेमातला सुप्रसिद्ध खलनायक डार्थ व्हेडर मात्र कुलपात! तो उघडायला खेळून मिळवायची 60,000 क्रेडिट. लोक चिडले, तर कंपनीने समजावलं की कष्टाने मिळवण्यात वेगळाच अभिमान असतो. रेडिटवर त्या उत्तराला साडेसहा लाखांहून जास्त नापसंत्या मिळाल्या. शेवटी व्हेडर 75 टक्क्यांनी स्वस्त केला. एवढा घसघशीत डिस्काउंट पाहून तरी लोकांनी आभार मानायचे!

त्याच वर्षी ऑक्टोबरात अ‍ॅक्टिव्हिजन या गेम बनवणाऱ्या कंपनीला एक पेटंट मिळालं, ते मात्र मनापासून वाचण्यासारखं आहे. कल्पना अशी: नवख्या खेळाडूची गाठ मुद्दाम अशा तरबेज खेळाडूशी घालून द्यायची, ज्याच्याकडे विकत घेतलेलं हत्यार आहे. नवखा मरेल, हत्यार बघेल, त्याला ते हवंसं वाटेल. हे कुठल्याच गेममध्ये वापरलेलं नाही, असं कंपनीने सांगितलं, आणि आपण विश्वास ठेवू. पण तुमचं स्थान त्या कागदावर किती स्वच्छ मांडलंय बघा. ज्याने पैसे भरले त्याला मारायला कोणीतरी हवं. ते तुम्ही. तुम्ही गेम फुकट खेळत नाही आहात, फुकट कामाला आहात. आणि कामावर असताना न्यायाची भाषा शोभत नाही.

हॅकर, म्हणजे सॉफ्टवेअर लावून लबाडी करणारा, भेटला तर? भिंतीपलीकडून हेडशॉट बसला की लगेच चिडू नका. रिपोर्टचं बटण दाबा, त्याने मन हलकं होतं. बाकी या क्षेत्रात आपलंही योगदान आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये शांघायच्या काउंटर-स्ट्राइक स्पर्धेत ऑप्टिक इंडिया या संघाचा एक खेळाडू आपोआप नेम धरणारं सॉफ्टवेअर चालवताना पकडला गेला. फाइलचं नाव होतं 'वर्ड डॉट ईएक्सई'. पंच कॉम्प्युटरशी आले तेव्हा पठ्ठ्या ती डिलीट करायच्या खटपटीत होता. संघ बाद झाला आणि पुढे विसर्जितही. पण स्पर्धेच्या मंचावर, सगळ्यांदेखत वर्डची फाइल उघडून बसण्यात जी निरागसता आहे, ती सरकारी कचेरीबाहेर विरळाच. असल्या लोकांपासून संरक्षण हवं असेल तर व्हॅलोरंट हा गेम घ्या. त्याचा व्हॅनगार्ड हा पहारेकरी विंडोज सुरू होताच थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, जाऊन बसतो. तुम्ही त्या दिवशी गेम खेळणार नसाल, फक्त वीजबिल भरणार असाल, तरी तो ड्युटीवर असतो.

राहिली घरच्यांची काळजी. तीही घेतलेली आहे. बीजीएमआयने आल्या-आल्याच अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी मर्यादा घातली: दिवसाला 3 तास, आणि खर्च दिवसाला 7,000 रुपयांपर्यंतच. महिन्याचे होतात 2 लाख 10 हजार, म्हणजे मुलगा हाताबाहेर जायची भीती नाही. शिवाय पालकांच्या मोबाइलवर ओटीपी येतो. बाबांच्या नजरेतून तो सुटेल कसा, या चिंतेत असाल, तर एवढंच आठवा की त्यांना गूगल पे कोणी सुरू करून दिलं होतं.