‘आईबाबांचा रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे दुसऱ्या बाळाला धोका शून्य’: या मेसेजचा प्रतिवाद

नाशिकमधल्या सिडको-सातपूरच्या ग्रुपवरून ओझर-पिंपळगावच्या नातेवाइकांपर्यंत एक मेसेज फिरतोय. सार असं: मुलाला जनुकीय फिट्सचा आजार निघाला, पण आई-वडिलांची तपासणी नॉर्मल आली, तर आजार घराण्यात नाही आणि दुसऱ्या बाळाला धोका शून्य. ज्याला कधी फिट आली नाही त्याच्याकडून ती मुलात येऊच शकत नाही. तरीही दुसऱ्याला आलीच, तर दोष आईच्या माहेरचा, नाहीतर लसीचा. त्र्यंबकला नारायण नागबळी करून टाका.

‘धोका शून्य’ हे अर्धसत्य आहे, म्हणून ते जास्त फसवतं. ड्राव्हे सिंड्रोम हा लहान मुलांचा जनुकीय फिट्सचा आजार घ्या. बाळ वर्षाचं व्हायच्या आत, बहुधा तापात, लवकर न थांबणारी आकडी येते. यातल्या बहुतेक मुलांच्या एससीएन1ए या जनुकात बिघाड सापडतो. हा संबंध 2001 साली उघड झाला. बिघाड बहुतेकदा नव्यानेच झालेला असतो आणि रिपोर्टवर ‘डी नोव्हो’ असं छापून येतं. त्याचा अर्थ एवढाच, की आई-वडिलांच्या रक्ताच्या नमुन्यात तो दिसला नाही. रक्त म्हणजे अख्खं शरीर नव्हे.

गर्भ वाढताना एखाद्या पेशीत बदल झाला, तर तो तिच्यापासून निपजलेल्या पेशींतच उतरतो, बाकीचं शरीर मूळचंच राहतं. याला मोझॅइसिझम म्हणतात. द्राक्षबागायतदाराला हे नवं नाही. थॉमसनच्या वेलीवर एखादी काडी निराळे मणी देते, ती निवडून वाढवली की नवी जात होते. बाकी वेल थॉमसनच. माणसात असा बदल बीजांडं किंवा शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींत असला, तर आई-बाप धडधाकट राहतात आणि बाळाच्या मात्र प्रत्येक पेशीत बिघाड येऊ शकतो.

आता रिपोर्टच्या मागे काय घडतं ते बघा. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त लॅबला गेलं आणि जनुकातली एकच जागा समजा शंभरदा वाचली. बाळात जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बिघडलेली असते, म्हणून साधारण पन्नास वेळा बदललेलं अक्षर मिळेल. वडिलांत सहा वेळाच मिळालं, तर सॉफ्टवेअर ते वाचनातली चूक समजून गाळू शकतं. जनुक वाचण्याच्या जुन्या सँगर पद्धतीत पंधरा-वीस टक्क्यांखालचं प्रमाण बहुधा नजरेतूनच सुटतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुलाचा बिघाड ‘नवा’ ठरलेल्या 120 कुटुंबांचे नमुने जास्त खोलवर, म्हणजे तीच जागा कितीतरी जास्त वेळा वाचून, तपासले. 10 कुटुंबांत आई किंवा वडील मोझॅइक निघाले. शिवाय बदल फक्त अंडाशयात किंवा वृषणात असेल, तर रक्त कितीही वेळा वाचलं तरी तो सापडणार नाही.

म्हणून ‘डी नोव्हो’ म्हटल्यावरही जनुकीय समुपदेशक पुढच्या बाळासाठी साधारण 1 टक्का धोका सांगतात. पालक मोझॅइक सापडला तर हा आकडा बराच वाढतो, टोकाला 50 टक्क्यांपर्यंत. म्हणजे बहुतेक जोडप्यांसाठी बातमी चांगलीच आहे; पण ‘कमी’ आणि ‘शून्य’ यांत फरक आहे, आणि तो फरक काही घरांत दुसऱ्या मुलाच्या रूपाने दिसतो.

‘ज्याला फिट नाही त्याच्याकडून येणार नाही’ याचं उत्तर वर आलंच. एक भर घालतो. मोझॅइक पालकाला लहानपणी तापात एखादी आकडी येऊन गेलेली असू शकते. त्याला स्वतःला ते आठवत नाही, पण आजीला आठवतं. तिला विचारा.

माहेरच्या दोषाची गोष्ट तर मला चीड आणते. मोझॅइक आई असते तसा बापही असतो. पीसीडीएच19 हे फिट्सशी जोडलेलं दुसरं जनुक तर एक्स गुणसूत्रावर आहे. त्यात बिघाड असलेला पुरुष सहसा ठणठणीत असतो आणि तो बिघाड आपल्या प्रत्येक मुलीला देतो. फिट्स येतात त्या मुलींना. कारण त्यांच्या मेंदूत दोन तऱ्हेच्या पेशींची सरमिसळ असते आणि त्रास त्या सरमिसळीचाच, असं मानलं जातं. मोझॅइक मुलग्यालाही हाच आजार होतो. मग इथे नावं कुणाच्या घराण्याला ठेवणार?

लसीचं म्हणाल, तर लसीनंतरच्या तापात पहिली आकडी येऊ शकते, हे खरं. पण लसीने मेंदूला इजा झाली असं समजल्या गेलेल्या 14 जणांच्या तपासणीचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला, त्यात 11 जणांत एससीएन1एचा बिघाड निघाला. लस टाळून आजार टळत नाही. तापाची तयारी ठेवून लस कशी द्यायची, ते डॉक्टरांशी ठरवावं.

नागबळी ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. त्यापायी गोळ्या बंद करू नका, आणि ड्राव्हेच्या मुलाला शेजाऱ्याच्या कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइनच्या गोळ्या तर अजिबात देऊ नका. त्यांनी फिट्स वाढू शकतात.

पुढच्या बाळाचा विचार असेल, तर गरोदरपणाआधीच जनुकीय समुपदेशकाकडे जा आणि मोठ्या मुलाचा मूळ रिपोर्ट सोबत न्या. त्यातला नेमका बदल माहीत असला, की आई-वडिलांचे रिपोर्ट नॉर्मल असले तरी गर्भाची तपासणी होते: 11 ते 13 आठवड्यांत वारेच्या पेशींवरून, किंवा 16 आठवड्यांनंतर गर्भजलावरून. गर्भलिंगनिदान बंदीच्या 1994च्या कायद्यात जनुकीय आजारांसाठी अशा तपासणीला परवानगी आहे, मात्र ती नोंदणीकृत केंद्रातच व्हावी लागते आणि लिंग सांगितलं जात नाही.