‘मनाला येईल तो पिवळा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

कुर्स्कच्या लढाईतल्या पँझर ४ या जर्मन रणगाड्याचं प्लॅस्टिक मॉडेल रंगवण्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा चहा घेता घेता. तिथल्या तिथे दोन ओळी खरडल्या असत्या तर त्या उर्मट वाटल्या असत्या, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी सरांचं म्हणणं थोडक्यात. जर्मनांचा डुंकेलगेल्ब, म्हणजे गडद पिवळा, हा राल या जर्मन रंगयादीतला ७०२८ नंबरचा ठरलेला रंग. त्या नंबरच्या बाटल्या विकत मिळतात. तरी मी टामिया कंपनीच्या एक्सएफ-६० या गडद पिवळ्यात बफ (फिकट बदामी) आणि पांढरा मिसळून ‘मनाला येईल तो पिवळा’ केला आणि नवशिक्यांनाही तीच वाट दाखवली. शंका असेल तर संग्रहालयातले खरे रणगाडे बघावेत, ब्रिटनमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयातला टायगर १३१ हा जर्मन रणगाडा आहेच. आणि शेवटी, जाता जाता मारलेली टपली: माझ्या शेल्फवरच्या दुसऱ्या पँझरखाली ‘स्टालिनग्राड’ लिहिलंय आणि तोही पिवळाच आहे.

टपलीपासूनच सुरू करतो, कारण तिथं मला तोंड नाही. स्टालिनग्राडमधल्या शेवटच्या जर्मन सैन्यानं २ फेब्रुवारी १९४३ ला शस्त्रं टाकली. सगळी वाहनं गडद पिवळ्यात रंगवायचा हुकूम निघाला त्याच महिन्यात, पण त्यानंतर. १९४० च्या मध्यापासून तोवर रशियातला जर्मन रणगाडा गडद राखाडीच असायचा, राल ७०२१. म्हणजे माझा तो पँझर रंग लागायच्या आधीच लढाई हरलेला आहे! हाताशी पिवळी बाटली होती, मारली, आणि खाली भारदस्त नाव हवं म्हणून स्टालिनग्राड लिहून टाकलं. फोटोखालची ओळ काल काढली.

हे इतक्या सरळ मान्य करतोय कारण माझ्या मते कडक राहायचं ते इथंच. कुठल्या साली, कुठल्या आघाडीवर, कुठला रंग, यात सूट नाही. पण एकदा ‘गडद पिवळा’ हे ठरलं की त्याची नेमकी छटा बाटलीवरच्या नंबराला विचारायची की डोळ्यांना, इथं आपलं बिनसतं.

आधी त्या नंबराचंच बघा. रालच्या यादीत पिवळे रंग १००० च्या घरात, हिरवे ६००० च्या, तपकिरी ८००० च्या आणि राखाडी ७००० च्या. ज्याच्या नावातच पिवळा आहे तो ७०२८ बसलाय राखाड्यांच्या पंगतीत. आणि रालच्या आजच्या नेहमीच्या यादीत तो नाहीच. लपण्यासाठी त्याच्यावर ज्यांचे पट्टे ओढायचे ते जोडीचे हिरवा ६००३ आणि तपकिरी ८०१७ आहेत, ७०२८ नाही. म्हणजे बाटलीवर नंबर छापणारी प्रत्येक कंपनी कुठल्यातरी जुन्या नमुन्यावरून, जुन्या रंगाच्या कपच्यावरून अंदाज बांधते. अंदाज चांगलाही असेल, पण त्याला प्रमाणपत्र म्हणता येत नाही.

तुमची प्रतिक्रिया वाचून रविवारी एक उद्योग केला. आइस्क्रीमचे प्लॅस्टिकचे चमचे घेतले, राखाडी प्राइमर (अस्तराचा रंग) मारला आणि माझ्याकडच्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ‘डुंकेलगेल्ब’ बाटल्या एकेका चमच्यावर एअरब्रशनं मारल्या. चौथ्यावर माझं मिश्रण: सहा थेंब पिवळा, दोन बफ, एक पांढरा. वाळल्यावर ओळीनं मांडले. पहिला मोहरीच्या पुडीसारखा. दुसऱ्यात मेंदीच्या सुक्या पानांची हिरवट झाक. तिसरा सरळ बेसनाकडे झुकलेला. दोन बाटल्यांवर ७०२८ हाच नंबर आहे, आणि त्या दोघींत आपापसात जेवढा फरक आहे तेवढा माझ्या चमच्यात आणि त्यांच्यात नाही. मग तेच चमचे टेबलावरच्या एलईडीखालून उचलून खिडकीत नेले. मेंदीवाल्याची हिरवट झाक गेली आणि बेसनवाला एकदम मातकट झाला. माझाही बदलला, नाही म्हणत नाही. आता यातला ‘खरा’ कुठला, आणि कुठल्या दिव्याखाली?

आता पांढरा का मिसळतो ते. घराला रंग काढताना शेड कार्डावरचा बोटभर तुकडा किती सौम्य वाटतो ते आठवा. तोच रंग अख्ख्या भिंतीला लागला की अंगावर येतो आणि घरचे म्हणतात, ‘हा नव्हता निवडला आपण.’ डबा बदललेला नसतो. मोठ्या पृष्ठभागावर तोच रंग जास्त उजळ आणि भडक दिसतो. मॉडेलचं उलटं आहे. सात मीटरचा रणगाडा १/३५ च्या मॉडेलमध्ये, म्हणजे पस्तीसपट लहान केला की, वीस सेंटिमीटरचा होतो, म्हणजे भिंतीचा पुन्हा शेड कार्ड होतो. त्यात खरा रणगाडा उभा असतो उन्हात, जिथं प्रकाश लाखभर लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जातो, आणि आपलं मॉडेल दिवाणखान्यात दोन-तीनशे लक्समध्ये. तंतोतंत तोच रंग मारला तर मॉडेल काळवंडलेलं, जड दिसतं. आपल्या छंदात याचं कारण म्हणून मधल्या हवेचा धूसरपणा सांगतात, आणि मीही त्या लेखात तेच लिहिलं होतं. ते मागे घेतो. १/३५ चं मॉडेल फूटभर अंतरावरून, म्हणजे तीस सेंटिमीटरवरून बघणं हे खरा रणगाडा साडेदहा मीटरवरून बघण्यासारखं. तेवढ्या हवेनं काय फिकं होणार? खरी कारणं आकार आणि उजेड.

त्यावर वॉश येतो. कॅम्लिनचा बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी तैलरंग, टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून खाचाखोचांत सोडला की कितीही पुसा, सगळा रंग एक पायरी खाली उतरतो. जो उजळ सुरू करतो तो वॉशनंतर जागेवर येतो. जो अचूक बाटलीनं सुरू करतो त्याचा शेवटी चिखल होतो. माझे पहिले चार रणगाडे असेच चिखलात गेले, त्यातला एक भाच्यानं ‘हा जळलाय का, मामा?’ असं विचारून निकालात काढला.

मुळात कारखान्यातून निघालेला पिवळाही पुढं तसाच राहायचा नाही. गेरूसारख्या लाल प्राइमरवर पिवळा लागायचा, आणि वरचे हिरवे-तपकिरी पट्टे ओढायला तुकड्यांना डब्यातून घट्ट लगदा मिळायचा. तो पातळ करायला पेट्रोल किंवा पाणी, जे हाताशी असेल ते. किती घालायचं हे आघाडीवरच्या माणसाच्या हातात. एकाच तुकडीतल्या दोन रणगाड्यांच्या छटा जुळल्या असतील तर मलाच नवल वाटेल.

संग्रहालयांबद्दल थोडंच. टायगर १३१ एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागला हे खरं, पण आज त्याच्यावर दिसतो तो रंग ब्रिटनमध्ये दिलेला आहे. लांब कशाला, आपल्या नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जा. रणगाडे उघड्यावर उभे आहेत. ऊन-पाऊस खाऊन टिकायचं तर पुन्हा पुन्हा रंग देणं आलंच. तिथं आकार बघावा, कड्या, बिजागऱ्या, वेल्डिंगच्या रेघा बघाव्यात. मी तासन्तास बघतो. रंगाची साक्ष मात्र त्यांच्याकडून काढू नये. युद्धातल्या रंगीत फोटोंचंही तेच: फिल्ममधले रंग ऐंशी वर्षांत सरकलेत, वर स्कॅन करणाऱ्यानं आपल्या आवडीनं खुलवलेत.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूनं. नवशिक्यानं पहिल्याच किटला थेंब मोजत बसू नये, हे पटलं. त्याला नंबरची बाटली घेऊ दे, फक्त त्यात थोडा पांढरा घालू दे. लेखात तशी ओळ टाकतो.

स्टालिनग्राडवाला पँझर दिवाळीच्या सुट्टीत राखाडी होणार आहे. तुम्ही ७०२१ साठी कुठली बाटली वापरता ते कळवाल का? तीही फिकी करूनच मारणार, हे आधीच सांगून ठेवतो.